कापसाच्या हंगामांतील नाताळ

वऱ्हाडांत डिसेंबर महिना विसाव्याचा नसतो. वेचणीच्या बायका दिवस उजाडतांच ओट्या बांधून शेताकडे निघतात, संध्याकाळीं काट्यावर वजनें होतात, आणि आज भाव काय निघाला, ही एकच विचारणा गांवोगांव चालते. यवतमाळच्या बाजाराच्या वाटेवर पूर्वीं बैलगाड्यांची रीघ लागे. आतां ट्रॅक्टर व मालमोटारी खोळंबून असतात. दुकानदाराची उधारी, कर्जाचा हप्ता, मुलीचें लग्न, सारें या हंगामावर टांगलेलें. नेमक्या याच धांदलींत या जिल्ह्यांतील ख्रिस्ती घरांत नाताळ येतो. घराला रंग, मुलांना कपडे, दारावर कागदाची चांदणी, फराळाचें तळण. हें होईपर्यंत घरचीं माणसें इतकीं थकतात, कीं ज्याच्या जन्मासाठीं हें केलें त्याची आठवण काढावयास अवसर उरत नाहीं.

ही तक्रार फार जुनी आहे. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस मानल्याची जुन्यांतली जुनी नोंद रोम शहरांतील, सन ३३६ ची आहे. त्याच सुमारास रोमी लोकांत सॅटर्न या कृषिदेवतेचा उत्सव चाले. मेजवान्या, भेटी, हंसणें-खिदळणें. तेव्हां गलबला हा या सणाचा जुना शेजारी होय. त्याला विटून इंग्लंडच्या प्यूरिटन पार्लमेंटानें १६४७ सालीं सणच रद्द केला, आणि मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६५९ सालीं तो पाळणारास पांच शिलिंग दंड ठरविला. संत फ्रान्सिसानें त्यापूर्वींच निराळा उपाय केला होता. १२२३ सालीं इटलींतील ग्रेचो गांवीं त्यानें गव्हाणींत गवत घालून, शेजारीं बैल व गाढव उभें करून, गांवकऱ्यांपुढें गोठाच मांडला. अर्थ राखण्यासाठीं सण बुडविणारे बहुधा अर्थालाही मुकतात, असें मला वाटतें. पण त्यांचा संताप अगदींच अनाठायीं होता, असें मात्र म्हणवत नाहीं.

यवतमाळांत ज्या ख्रिस्ती मंडळीनें मूळ धरलें, तिच्या अंगीं या संतापाचा थोडा अंश होता. फ्री मेथॉडिस्ट मंडळी १८६० सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत स्थापन झाली. तिच्या नांवांतील ‘फ्री’ या शब्दाचा एक अर्थ मोठा बोलका आहे. त्या काळीं तेथील कित्येक मंदिरांत बसण्याच्या जागा भाड्यानें दिल्या जात. या मंडळीनें ठरविलें, कीं देवाच्या घरांत बसण्यास भाडें असूं नये. गुलामगिरीस तिचा विरोध होता आणि दागदागिन्यांचें तिला वावडें होतें. तिच्यांतील अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हें दांपत्य १८८१ सालीं हिंदुस्थानांत आलें. पुढें यवतमाळ हें मंडळीचें प्रमुख ठाणें झालें.

याच वॉर्डसाहेबांची एक गांठभेट मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत नमूद आहे. १८९३ सालीं नागपूर-राजनांदगांव प्रवासांत, आगगाडीच्या डब्यांत, त्यांना नारायण वामन टिळक भेटले. वॉर्डसाहेबांनीं त्यांच्या कवित्वाची वाखाणणी केली, बायबल हातीं दिलें, आणि हे गृहस्थ दोन वर्षांच्या आंत ख्रिस्ती होतील असें भाकीत केलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. त्या संभाषणाची किंमत लहान नव्हती. लक्ष्मीबाई आप्तांकडे राहिल्या, संसार दुभंगला, आणि तो पुन्हां जुळावयास वर्षें लागलीं. ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास तें दुःख ठाऊक आहे.

टिळकांना दिसलें, कीं परक्या चालींच्या गीतांत मराठी मनाला स्वतःचा आवाज सांपडत नाहीं. त्यांनीं उपासनेंत अभंग आणिला, कीर्तन आणिलें. ख्रिस्तचरित्रावरील त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य १९१९ सालीं त्यांच्या निधनानें अपुरें राहिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. ज्या धर्मापायीं ही बाई एके काळीं रडली, त्याच धर्माच्या मूळ पुरुषाचें चरित्र अखेर तिच्या लेखणीनें शेवटास गेलें! भजनासाठीं बाजारांत जावें लागत नाहीं. दिवसभर कापूस वेचून आलेली बाईसुद्धां उंबऱ्याशीं बसून सूर धरूं शकते.

आणि मूळ कथा तरी काय सांगते? लूककृत शुभवर्तमान पाहावें. कैसर औगुस्ताच्या हुकुमानें नांवनिशी चालली होती. जो तो आपल्या गांवीं नांव लिहविण्यास निघालेला. उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं, म्हणून बाळास गव्हाणींत निजविलें. पहिला नाताळच असा सरकारी दप्तराच्या आणि वाटसरूंच्या गर्दींत झाला. वार्ता प्रथम मिळाली ती रानांत कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांना. आमच्याकडे या राखणीस जागल म्हणतात. रानडुकरांपासून पीक वांचविण्यासाठीं शेतकरी कडाक्याच्या थंडींत शेकोटीपाशीं रात्र काढतो, अधूनमधून आरोळी देतो. ते मेंढपाळही कामावरच होते, आणि हांक ऐकतांच उठून गेले. बाजाराच्या वाटेवर, भरल्या गाडीखालीं पोतें पांघरून ज्यानें रात्र काढली आहे, त्याला उतारशाळेंत जागा नसणें म्हणजे काय, हें कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.