भौतिकशास्त्राचा विद्यापीठीय अभ्यास (वळसंग–सोलापूर परिसर)

बारावी विज्ञानानंतर सुरू होणारा आणि बी.एस्सी., एम.एस्सी. करत पीएच.डी.पर्यंत जाणारा अभ्यासक्रम. मराठी विश्वकोशाने या शास्त्राला ‘भौतिकी’ म्हटले, जुन्या पिढीत ‘पदार्थविज्ञान’ हा शब्द रुळलेला होता, आणि वळसंगच्या एसटी थांब्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींच्या तोंडी ते नुसते ‘फिजिक्स’ असते. वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले, सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरचे गाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिचे पाणी प्यायले त्या विहिरीमुळे ते महाराष्ट्रात ओळखले जाते. गावातल्या मुलाला पदवीसाठी दोन्ही दिशा मोकळ्या आहेत. एका बाजूला सोलापूरची महाविद्यालये, दुसऱ्या बाजूला अक्कलकोटचे खेडगी महाविद्यालय.

सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० साली आणि संगमेश्वर महाविद्यालय १९५३ साली सुरू झाले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. पुढची चार दशके इथल्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर कोल्हापूरचे नाव राहिले. १ ऑगस्ट २००४ रोजी केगाव येथील पदव्युत्तर केंद्राच्या जागी सोलापूर विद्यापीठ उभे राहिले. एकाच जिल्ह्यासाठी असलेले हे विद्यापीठ २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. वळसंगच्या मुलीला घरून ये-जा करून एम.एस्सी. करता येणे ही या बदलातली सर्वांत मोठी गोष्ट मानावी लागेल. वसतिगृहाचा खर्च आणि घरच्यांची काळजी या दोन अडचणींवर अनेकींचे शिक्षण पदवीपाशीच थांबत असे.

या पट्ट्यात घरी कन्नड, बाजारात मराठी आणि कॉलेजात इंग्रजी अशी तीन भाषांची ये-जा असते. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. दहावीपर्यंत ‘बल’, ‘त्वरण’, ‘संवेग’ म्हणणारा विद्यार्थी अकरावीत एकाएकी फोर्स, अ‍ॅक्सिलरेशन आणि मोमेंटमपाशी येतो. संकल्पना त्याला ठाऊक असते, फक्त तिचे नाव बदललेले असते. पण हे त्याला कोणी सांगितले नाही, तर आपल्याला विषयच येत नाही असा त्याचा समज होतो. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी ‘पुंजयामिकी’ (क्वांटम मेकॅनिक्स), ‘ऊष्मागतिकी’ असे शब्द घडवले. ते वर्गात फारसे वापरले जात नाहीत याची खंत वाटते, कारण ‘ऊष्मागतिकी’ या शब्दात उष्णता आणि गती दोन्ही ऐकू येतात. थर्मोडायनॅमिक्समध्ये त्या मराठी कानाला सापडत नाहीत.

पहिल्या वर्षी यामिकी, पदार्थांचे गुणधर्म, विद्युत व चुंबकत्व, प्रकाशशास्त्र आणि थोडे इलेक्ट्रॉनिक्स असते. वरवर पाहता ही बारावीचीच उजळणी. फरक कलनशास्त्राचा. बारावीत v = u + at हे सूत्र पाठ असले की गणित सुटते; बी.एस्सी.त त्वरण दर क्षणाला बदलू लागते आणि सूत्राच्या जागी विकलक समीकरण येऊन उभे राहते. पहिल्या वर्षाची घसरण होते ती इथे, आणि तिचे कारण बहुधा गणिताच्या वहीत असते. डी. एस. माथुर यांचे ‘मेकॅनिक्स’, ब्रिजलाल–सुब्रह्मण्यम यांचे ‘ऑप्टिक्स’, हॅलिडे–रेस्निक ही या टप्प्यावरची रुळलेली पुस्तके. एच. सी. वर्मा यांच्या ‘कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’चे दोन भाग बारावीचे मानले जातात, पण पदवीच्या पहिल्या वर्षी ते पुन्हा सोडवणाऱ्याचा पाया पक्का होतो.

हा अभ्यासक्रम नेमका कसा चढत जातो हे कळायला एकच गोष्ट धरून ठेवावी : झोका. नागपंचमीला या भागात झाडांना झोके बांधतात. अकरावीत त्याच झोक्याचा ‘साधा लंबक’ होतो. दोरीला गोळा बांधायचा, थोड्या कोनातून सोडायचा, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा. बी.एस्सी.त दोरी जाते आणि धातूची पट्टी येते, कारण खऱ्या वस्तूचे वस्तुमान एका बिंदूत नसते. त्यानंतर येतो केटरचा लंबक. कॅप्टन हेन्री केटर हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी, दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात विल्यम लॅम्ब्टनच्या हाताखाली काम केलेला. दोन्ही टोकांकडून टांगता येणारा हा लंबक त्याने १८१७ साली इंग्लंडमध्ये तयार केला. लॅम्ब्टन मोजणी करत करत १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. सोलापूरच्या प्रयोगशाळेत केटरच्या लंबकाच्या चाकूधारा सरकवणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगितले, तर उपकरणाकडे पाहण्याची त्याची नजर बदलते.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी हाच लंबक लाग्रांजच्या पद्धतीने सोडवला जातो. बलांच्या दिशा काढण्याची गरज उरत नाही, गतिज आणि स्थितिज ऊर्जेतला फरक पुरतो. एका लंबकाला दुसरा टांगला की गती इतकी गुंतागुंतीची होते की तिचा पुढचा अंदाज बांधता येत नाही. पुंजयामिकीत लंबकाचे सगळे रूप बदलते : ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांनीच मिळते आणि सर्वांत खालच्या पायरीवरही आंदोलकाची ऊर्जा शून्य होत नाही. घनरूप पदार्थांच्या भौतिकीत स्फटिकातला प्रत्येक अणू असा आंदोलक समजला जातो. १९०७ साली आइन्स्टाइनने आणि १९१२ साली डिबायने त्यावरून घन पदार्थांच्या विशिष्ट उष्णतेचे कोडे उलगडले. पाच वर्षांत विषय फारसे बदलत नाहीत. त्याच विषयाकडे पुन्हा पुन्हा, दर वेळी अधिक धारदार गणित घेऊन यावे लागते.

आता प्रयोगशाळेबद्दल, कारण या शिक्षणातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. बॅच पडतात, रीडिंग घेतले जाते, जर्नल सर्टिफाय होते, व्हायवा होतो. त्यात एक जुनी खोड शिरलेली आहे : पुस्तकातले उत्तर आधी पाहायचे आणि रीडिंग त्याकडे ओढायचे. गुरुत्वत्वरणाचे मूल्य पुस्तकात ९.८ किंवा ९.८१ छापलेले असते. वळसंग साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. पृथ्वी विषुववृत्ताकडे किंचित फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते. त्यामुळे इथले खरे मूल्य ९.७८ च्या जवळ येते. एक मीटर लांबीच्या लंबकाची शंभर आंदोलने मोजली, तर ९.८१ आणि ९.७८ यांतला फरक जेमतेम ०.३ सेकंदाचा. हातातल्या स्टॉपवॉचवर बोट दाबायलाच तेवढा वेळ जातो. म्हणून आंदोलने वाढवायची, मोजणी पुन्हा पुन्हा करायची, त्रुटी किती हे आकड्याने लिहायचे. एवढे करून ९.७८ आले आणि विद्यार्थ्याने ते खोडून ९.८१ केले, तर त्याने चूक दुरुस्त केली असे होत नाही. त्याने आपले गाव पुसले.

पदवीच्या शेवटच्या वर्षी आणि पुढे प्रयोग बदलतात. न्यूटनची वलये आणि वर्णपटमापक मागे पडतात. त्यांच्या जागी हॉल परिणाम, चार टोकांनी रोध मोजण्याची पद्धत, गायगर गणक आणि फ्रँक–हर्ट्झचा प्रयोग येतो. १९१४ सालचा हा प्रयोग आजही थरारक वाटतो : पाऱ्याच्या वाफेतून जाणारे इलेक्ट्रॉन ठराविक ४.९ व्होल्टच्या टप्प्यांनीच ऊर्जा गमावतात, आणि अणूतल्या पायऱ्या मीटरच्या काट्यावर प्रत्यक्ष दिसतात.

पदव्युत्तर वाचनाची शिडी जगभर जवळपास सारखी आहे. अभिजात यामिकीसाठी गोल्डस्टीन, पुंजयामिकीसाठी ग्रिफिथ्स आणि मग साकुराई, विद्युतगतिकीसाठी आधी ग्रिफिथ्स आणि धीर असेल तर जॅक्सन, घन पदार्थांसाठी किटेल. सांख्यिकीय यामिकीचे जगन्मान्य पाठ्यपुस्तक एका भारतीयाचे आहे : आर. के. पाथ्रिया यांचे, १९७२ साली प्रथम निघालेले.

संशोधनात कोल्हापूर–सोलापूर पट्ट्याने आपली वाट धरली ती पातळ पापुद्र्यांची, म्हणजे थिन फिल्मची. कारण सरळ आहे. महागडी निर्वात यंत्रे नसली तरी काचपट्टीवर पदार्थाचा सूक्ष्म थर बसवता येतो. कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांचे द्रावण चंचुपात्रात गरम ठेवून त्यात काचपट्टी उभी करायची; काही वेळाने तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर चढतो. पिवळा का, याचे उत्तर पुंजयामिकीच्या वर्गात आधीच मिळालेले असते : या पदार्थाच्या ऊर्जापट्ट्यांमधले अंतर सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचे, म्हणून तो निळा प्रकाश शोषतो आणि उरलेला परत देतो. सौरघट आणि वायुसंवेदक अशा थरांतून बनतात. साधनांची चणचण असलेल्या विभागांनी निवडलेला हा विषय त्यांच्या व्यवहारी शहाणपणाची साक्ष देतो.

पाठ्यपुस्तकाबाहेरचे भौतिकशास्त्र शोधायला दूर जावे लागत नाही. याच तालुक्यात होटगीजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच, ‘सुपरक्रिटिकल’ पद्धतीचे. पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४ अंश सेल्सिअस आणि सुमारे २२१ बार दाबावर आहे. त्याच्या वर पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. वाफ ५६५ अंशांची आणि थंड बाजू ४० अंशांची धरली, तर कार्नोच्या नियमाने कार्यक्षमतेची मर्यादा ६३ टक्क्यांच्या आत येते. अशा संचांना प्रत्यक्षात चाळीस टक्क्यांच्या आसपास मिळते. उरलेली उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून आकाशात जाते. हे गणित दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाच मिनिटांत करता येते.

दुसरे उदाहरण आकाशातले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या सोलापुरात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमानातून ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले गेले. हे कण ओलावा ओढून मोठे थेंब बनवतात, मोठा थेंब लहानांना गिळत खाली येतो. कोणत्या ढगात बी पेरायचे आणि कोणता तसाच सोडायचा हे यादृच्छिक निवडीने ठरवले होते, म्हणजे तुलना प्रामाणिक राहावी. एकूण २७६ ढग अभ्यासले गेले, आणि पेरलेल्या ढगांच्या बाबतीत पाऊस सुमारे १८ टक्के अधिक आढळला. पृष्ठताण, बाष्पदाब, त्रुटींचे गणित हे पहिल्या वर्षाचे कंटाळवाणे समजले जाणारे धडे इथे दुष्काळी तालुक्याच्या पाण्याशी जोडले जातात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आहे. तीन वर्षांनी पदवी घेता येते. चौथे वर्ष ऑनर्सचे, आणि ते पुरे केल्यास एम.एस्सी. एका वर्षात होते. बाहेरच्या संस्थांची दारे परीक्षांनी उघडतात. आयआयटींतल्या एम.एस्सी.साठी ‘जॅम’, संशोधन शिष्यवृत्तीसाठी ‘नेट’, राज्यात प्राध्यापक होण्यासाठी ‘नेट’ किंवा ‘सेट’. भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘एनजीपीई’ ही राष्ट्रीय परीक्षा घेते, आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ‘नियस’ या उपक्रमातून पदवीच्या मुलांना संशोधनाची ओळख करून देते. गावाकडच्या महाविद्यालयांत या दोहोंची माहिती उशिरा पोहोचते. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच ती फळ्यावर लिहिली गेली पाहिजे.

वळसंगच्या विद्यार्थ्याला पहिला स्वतंत्र प्रयोग करायला प्रवेशाचीही वाट पाहावी लागत नाही. मे महिन्याच्या १० तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, भरदुपारी सूर्य गावाच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्याशी नाहीशी होते. अंगणात एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी, तारीख आणि वेळ वहीत लिहावी, आणि जे दिसेल तेच लिहावे.