इंधन-विद्युत् घटातील पटल : एका स्पर्शपृष्ठाचा इतिहास

एखाद्या शोधाचे वर्ष आणि जनक निश्चित करणे हे विज्ञानेतिहासाचे आद्य कर्तव्य मानले जाते. इंधन-विद्युत् घटाच्या बाबतीत मात्र तेवढ्याने फारसे हाती लागत नाही. १८३९ च्या जानेवारीत बाझेल येथील प्राध्यापक क्रिस्टियान फ्रीड्रिख शनबाइन यांचे, आणि पुढच्याच महिन्यात विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह यांचे टिपण एकाच ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अग्रमान कोणाचा, हा वाद त्यामुळे संभवतो. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. तत्त्व १८३९ मध्ये ज्ञात झाले असता समाधानकारक घट सिद्ध होण्यास सुमारे दीडशे वर्षे का लागावीत?

तत्त्व अगदी सुबोध आहे. विद्युत्-प्रवाहाने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन मिळतात. त्याच वायूंचा संयोग योग्य रीतीने घडविल्यास पाणी आणि विद्युत् परत मिळते. येथे ज्वलन होत नाही. ‘इंधन’ हा शब्द ‘इन्ध्’, म्हणजे पेटविणे, या धातूपासून आलेला. तथापि ज्याला आपण इंधन-घट म्हणतो त्यात काहीच पेटत नाही. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने जातो आणि उरलेला प्रोटॉन आतून पलीकडे जाऊन ऑक्सिजनला भेटतो. प्रोटॉनला वाट देणारा, पण इलेक्ट्रॉनला व वायूंना अडविणारा पदार्थ मध्ये असणे ही त्यातली मुख्य अट होय.

ग्रोव्ह हे व्यवसायाने वकील होते व पुढे न्यायाधीशही झाले. १८४२ मध्ये त्यांनी असे अनेक घट एकत्र जोडून त्यांच्या विद्युतेने पाण्याचे विघटन करून दाखविले. त्यांच्या घटात प्लॅटिनमच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात अर्धवट बुडविलेल्या असत. वायू, द्रव आणि प्लॅटिनम ही तिन्ही जेथे एकमेकांस भिडतात तेथेच क्रिया घडते, आणि हे क्रियापृष्ठ जितके विस्तृत तितके फळ अधिक, हे त्यांच्या ध्यानी आले होते. या घटाच्या सुधारणेचा पुढील सारा इतिहास म्हणजे या एका निरीक्षणाचा विस्तार आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८८९ मध्ये लुडविग मॉन्ड आणि कार्ल लँगर यांनी गंधकाम्ल मोकळे न ठेवता सच्छिद्र घन पदार्थात मुरविले व त्याच्या दोन्ही अंगांस सच्छिद्र प्लॅटिनमचा पत्रा आणि प्लॅटिनमचे काळे चूर्ण लावले. द्रवाला घनाच्या आश्रयाने स्थिर करण्याची ही कल्पना पुढील पटलाची पूर्वसूचनाच होय. परंतु प्लॅटिनम महाग होते आणि याच काळात डायनॅमोने विद्युत्-निर्मितीचा प्रश्न सोडविला. घटाची निकड उरली नाही.

ती निकड अंतराळप्रवासाने निर्माण केली. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत १९५५ मध्ये विलार्ड थॉमस ग्रब यांनी आयन-विनिमय करणारे पॉलिस्टायरीनचे पटल विद्युत् विच्छेद्य म्हणून वापरले; पुढे लेओनार्ड नीड्राख यांनी त्या पटलावरच प्लॅटिनमचा थर बसविण्याची युक्ती शोधली. १९६५ च्या ऑगस्टमध्ये ‘जेमिनी-५’ यानातून हे घट अंतराळात गेले. कार्य पार पडले, परंतु उणिवाही उघड झाल्या. पटल ऑक्सिडीकरणाने झिजे आणि त्याची द्रव्ये उत्पन्न झालेल्या पाण्यात मिसळत. ते पाणी पिण्यास अयोग्य ठरले. अपोलो यानांसाठी फ्रान्सिस बेकन यांच्या परंपरेतील अल्कधर्मी घट निवडण्यात आला. पटलाचा मार्ग तेथेच खुंटला, असे तत्कालीन निरीक्षकास वाटले असते तर नवल नव्हते.

सुधारणा दोन पायऱ्यांनी झाली. पहिली पटलाच्या द्रव्याची. ड्यूपाँ कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी विकसित केलेल्या ‘नॅफिऑन’ या बहुवारिकात फ्लोरीनयुक्त कणा व त्याला जोडलेले सल्फॉनिक अम्लगट होते. त्यामुळे पटल कितीतरी अधिक टिकाऊ झाले. दुसरी पायरी स्पर्शाची. चांगले पटल मिळूनही दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ मिलिग्रॅम प्लॅटिनम लागे, कारण प्लॅटिनमचे बहुतेक कण पटलापासून दूर पडून प्रोटॉनच्या वाटेबाहेर राहत. १९८० नंतरच्या दशकात लॉस अ‍ॅलामॉस येथील प्रयोगशाळेत इयन रेस्ट्रिक यांनी विद्युत्-अग्राच्या छिद्रांत नॅफिऑनचा द्राव मुरविला. प्रोटॉनची वाट अशा रीतीने कणांपर्यंत नेल्यावर प्लॅटिनमचे प्रमाण सुमारे ०.४ मिलिग्रॅमवर आले. तेथेच माहलन विल्सन आणि शिमशॉन गॉटस्फेल्ड यांनी प्लॅटिनमयुक्त कार्बन व नॅफिऑन यांची एकत्र शाई करून तिचा पातळ थर पटलावर उमटविला. १९९२ च्या सुमारास हे प्रमाण आणखी खाली, ०.१२ ते ०.१६ मिलिग्रॅमपर्यंत गेले. प्लॅटिनम तेच राहिले. बदलला तो त्याचा शेजार.

यामुळे सर्व अडचणी सरल्या असे नव्हे. पटल ओलसर असेल तरच प्रोटॉन त्यातून वाहतो. पाणी फार झाले तर छिद्रे तुंबून ऑक्सिजनची वाट बंद होते. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अल्प अंश असला तरी प्लॅटिनमचे पृष्ठ त्याने व्यापले जाते. शिवाय सामान्य तापमानास सैद्धांतिक विद्युत्-दाब १.२३ व्होल्ट असला, तरी भाराखाली प्रत्यक्षात बहुधा ०.६ ते ०.७ व्होल्टच मिळतात. यातील मोठा तोटा ऑक्सिजनच्या बाजूच्या मंद क्रियेमुळे होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात ज्या स्वदेशी हायड्रोजन-बसचे उद्घाटन झाले, तिच्या घटालाही हेच प्रश्न सोडवावे लागतात.

तात्पर्य, या घटाचा इतिहास नव्या पदार्थांच्या शोधांची केवळ मालिका नाही. १८४२ मध्ये ग्रोव्ह यांना दिसलेले क्रियापृष्ठ हाताळण्याची साधने पुढील पिढ्यांना सापडत गेली, आणि त्या त्या प्रमाणात घट सुधारत गेला. जनकाचे नाव व वर्ष नोंदवून थांबणाऱ्या इतिहासाला हा धागा दिसत नाही. तो पाहावयाचा तर शोध कोणी लावला याबरोबरच, ज्ञात असलेली गोष्ट इतका काळ साध्य का झाली नाही, हेही विचारले पाहिजे.