बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुलांना पक्षी दाखवायला नेले, की आम्ही आधी इतिहास सांगतो. हे रान टिकले ते मुख्यतः पाण्यामुळे. विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये पूर्ण झाला. मुंबईच्या पाण्यासाठी भोवतीचे जंगल राखले गेले. पक्ष्यांचा अभ्यास मात्र तेव्हा बहुधा त्यांना मारूनच होई. सालिम अलींची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली. १८९२ मध्ये इंग्लंडात कीर्टन बंधूंनी अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि वेगळी वाट दिसली. पण कॅमेराही निरुपद्रवी नाही. चित्रासाठी फांदी बाजूला केली, तर घरटे कावळ्यालाही दिसते. म्हणून आमचा नियम एकच: घरटे दिसले, की मागे फिरायचे.