पोराची खोली : वळकटी, कंदील आणि कोनाडा

गटाच्या बैठकीत घरकुलाचा विषय निघाला की हल्ली एक गोष्ट हमखास येते. पोरगा नववी-दहावीत गेलाय आणि त्याला स्वतःची वेगळी खोली पाहिजे. टीव्हीत त्यानं बघितलेली असते. निळी भिंत, टेबल-खुर्ची, खाट, भिंतीवर क्रिकेटवाल्याचं चित्र. आता प्रधानमंत्री आवास योजनेत गावाकडच्या घराला किमान जागा धरली आहे २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. स्वयंपाकाची जागा त्यातच. मग आई म्हणते, कर्ज काढू का गटातून आणि एक खोली वाढवू का? तिला काय सांगायचं ते आधी बाजूला ठेवू. या वयाची पोरं आपल्याकडं पूर्वी कुठं झोपत, कुठं अभ्यास करत, त्यांच्याजवळ काय सामान असे, ते आज बघू.

जुना वाडा डोळ्यासमोर आणा. ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, अंधारी बाळंतिणीची खोली. धान्याला बळद, जनावरांना गोठा. पण पोराच्या नावाची खोली कुठंच नाही. सात-आठ वर्षांचा झाला की आईच्या अंथरुणातून उठून तो ओसरीवर आजोबांच्या शेजारी जायचा. मिसरूड फुटलं की ओसरीही सुटायची. मग देऊळ, चावडी, गोठा, सुगीत खळं. सामान म्हणाल तर एक घोंगडी, खुंटीला अडकवलेला सदरा आणि कोनाड्यात ठेवलेलं जे काही असेल ते. पोरगी मात्र आत माजघरातच. तिला ना ओसरी, ना देऊळ.

आमच्या घाटावर, खास करून कोल्हापूरकडं, पोरांची खरी खोली म्हणजे तालीम. पेठेपेठेला तालीम. कुस्तीची पोरं राहायची, झोपायची, रांधून खायचीही तिथंच. मध्ये लाल मातीचा हौदा, भिंतीला मारुती, कडेला ज्याची त्याची पत्र्याची पेटी. त्या पेटीत लंगोट, तुपाचा डबा, बदाम. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला हात दिला, १९१२ साली खासबाग मैदान झालं, तसं तालमीत राहणाऱ्या पोराला गावात मान आला. पण तिथं पुस्तक कुठं ठेवायचं?

पुस्तक ठेवायला जागा केली तीही शाहू महाराजांनीच. खेड्यातला पोरगा हुशार असला तरी शहरात शिकायला जाऊन राहणार कुठं, हीच मुख्य अडचण होती. फी भरता येईल एक वेळ, पण पाठ टेकायला जागा कोण देणार? १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग निघालं, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ ला मुसलमान मुलांचं, १९०८ ला त्या वेळी अस्पृश्य म्हटलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहं काढली म्हणून कुणी नाकं मुरडतात. पण त्या काळी एका पंक्तीला बसायला घरचे लोक तयार नव्हते, तर पोरांना आधी शहरात आणायचं कसं? मला तरी महाराजांचा हिशोब पटतो.

एका पंक्तीचं काम पुढं कर्मवीर भाऊराव पाटलांनी केलं. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह आलं. गांधीजींनी १९२७ मध्ये त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. सगळ्या जातींची पोरं तिथं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. आणि ही पन्नास तोंडं खाणार काय? इथं लक्ष्मीबाई येतात, भाऊरावांच्या पत्नी. पोरांच्या धान्यासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले. शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. वसतिगृहाच्या भिंती कुणी बांधल्या हे लिहून ठेवतात, पण चूल कुणाच्या सोन्यावर पेटली हे सांगावं लागतं, म्हणून सांगते.

बोर्डिंगात निघालेला पोरगा काय घेऊन जायचा? एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. ट्रंकेत दोन सदरे, पाटी किंवा वह्या, घरचा चिवडा नाही तर भाजलेल्या शेंगा. वळकटीत आईनं शिवलेली गोधडी. आईचं, आजीचं जुनं लुगडं वर, आत फाटकी धोतरं, मळलेल्या सदऱ्यांचे तुकडे, आणि चारी कडांनी आत वळत गेलेला धावदोरा. पन्नास पोरं एका दालनात ओळीनं झोपली तरी ज्याची गोधडी त्याला अंधारातही हाताला कळायची. पोराची खोली सजवण्याचं काम आपल्याकडच्या बायकांनी केलं ते असं. गोधडी अंथरली तेवढी त्याची जागा, सकाळी गुंडाळली की खोली संपली.

दुसरी वस्तू कंदील. चुलीच्या उजेडात किंवा चिमणीच्या धुरात वाचायचं म्हणजे डोळ्यांचं वाटोळं. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा काच कारखाना होता. तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. काचेच्या आत वात, वाऱ्यानं विझत नाही, धूर कमी. कडी धरून उचलला की जिथं न्याल तिथं अभ्यासाची जागा तयार. गंमत बघा, रयतचं काले आणि हा कंदील, दोन्ही एकाच तालुक्यातले.

आता मुंबईकडं वळू, कारण साताऱ्या-रत्नागिरीची कितीतरी पोरं पंधरा-सोळाव्या वर्षी तिकडंच गेली, गिरणीत. गिरणगावात एका खोलीत दहा-पंधरा बाप्ये. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक पेटी, एक खुंटी. बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, तीही अख्ख्या कुटुंबाला. तिथली तरणी पोरं व्हरांड्यात आणि गच्चीवर झोपत. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांची पुढं १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून संघटना बांधली आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आपल्या गटांची ती थोरली बहीणच म्हणा ना.

याच परळमध्ये, डबक चाळीत, एका खोलीत सुभेदार रामजी आंबेडकरांचं कुटुंब राहायचं. खोलीत भांडीकुंडी, धूर, जातं, शेळीसुद्धा. भीमराव तेव्हा हायस्कुलात. गर्दीत अभ्यास होईना, म्हणून वडिलांनी तोड काढली. पोराला लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं, मग त्याला उठवून त्याच्या जागी आपण झोपायचं. बिनकाचेच्या दिव्यापुढं तो पहाटेपर्यंत वाचायचा. १९०७ ला बाबासाहेब मॅट्रिक झाले. खोली वाढली नव्हती, पण बापानं त्या खोलीतला वेळ वाटून दिला होता.

आणि पुस्तकं? ती हवी असली की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडं जायचे. पैसे नसले तर लेक अंगावरचा डाग काढून द्यायची आणि तो गहाण पडायचा. पेन्शन आली की सोडवायचे. इथंही परत बाईचंच सोनं. पुढं बीआयटी चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्या मिळाल्या, ५० आणि ५१ नंबरच्या. त्यातली एक अभ्यासाला ठेवली होती.

पोरींचं काय, असं तुमच्यातली कुणी विचारणारच. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तिथं विधवा मुलींना राहून शिकता येत होतं. पण घरात? बापानं रात्री दोनपर्यंत जागून लेकीला जागा करून दिली, अशी गोष्ट मी अजून शोधतेय.

तर आता तुमचं २६९ फुटांचं घर. जुन्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड होत्या, म्हणून त्यांना कोनाडे असत. विटेच्या पातळ भिंतीत कोनाडा बसत नाही. म्हणून गवंड्याला काम चालू असतानाच सांगा, कोपऱ्यात दोन कडप्पे बसव. खालचा कंबरेच्या उंचीचा, मांडून लिहिता येईल इतका रुंद, वरचा पुस्तकांना. त्याच्या डोक्यावर दिव्याचा पॉइंट, बाजूला दोन खुंट्या. एक पडदा लावला की झालं. पोरगी असेल तर समोरच्या कोपऱ्यात अगदी तसेच दोन कडप्पे, त्याच मापाचे. आणि हे गिलावा व्हायच्या आधी बोला, नाहीतर भिंत परत फोडायची पाळी येते.