बोगनवेल: ताणावरचा बहर

मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की फेब्रुवारी-मार्चात कुंपणाकुंपणांवरून किरमिजी, शेंदरी, पांढरा रंग ओसंडत असतो. वाडीला वई घालायची ती निवडुंगाची, शेराची नाहीतर मेंदीची. त्यांच्या पंगतीत बोगनवेल बसली ती रंगाइतकीच आकडेबाज काट्यांच्या जोरावर. गुरं तिच्यात सहसा तोंड घालत नाहीत.

हिचं माहेर ब्राझील. १७६६ साली बूगँव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. सोबत फिलिबेर कॉमेर्सों हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्याचा ‘नोकर’ म्हणून पुरुषवेशातली झान बारे. आरमारी जहाजावर बायकांना मज्जाव होता. १७६७ मध्ये जहाजं रिओला थांबली तेव्हा कॉमेर्सों पायाच्या दुखण्यानं बेजार होता. त्यामुळे ही वेल झाननंच तोडून आणली असावी, असं काही अभ्यासक मानतात. नाव लागलं ते मात्र मोहिमेच्या म्होरक्याचं. जगाला वळसा घालणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणजे ही झान. तिचं नाव एका वनस्पतीला मिळालं ते २०१२ मध्ये, आणि तीही वांग्या-बटाट्याच्या कुळातली.

भारतात बोगनवेल आली १८६० च्या सुमारास, युरोपमार्गे कोलकात्याला. पुढे कोलंबियातल्या कार्ताहेनात १९१० साली सापडलेली लाल ‘मिसेस बट’ही आली. १९४९ मध्ये कोलकात्यात एका बोगनवेलीच्या फांदीनं वेगळा रंग धरला आणि एकाच झाडावर पांढरी नि किरमिजी फुलणारी ‘मेरी पामर’ जन्मली. आज जगभरातल्या नव्या बोगनवेलींची अधिकृत नोंद दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत होते.

एक घोस हातात घेऊन नीट बघा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती तीन पानं आहेत. उजेडात धरली की शिरांची जाळी दिसते. प्रत्येकीच्या मधल्या शिरेला चिकटलेली फिकट बारीक नळी, ते खरं फूल. रंगद्रव्यही जास्वंदीच्या जातीचं नाही, बिटाच्या जातीचं. कुळ म्हणाल तर अंगणातल्या गुलबक्षीचं आणि पावसाळ्यात जमिनीलगत पसरणाऱ्या पुनर्नवेचं.

पावसाचे चार महिने ही वेल नुसती पानं आणि लांबच लांब फुटवे काढते. पाऊस सरला, किनाऱ्याच्या रेताड जमिनीतली ओल उतरली, की तिला ताण बसतो आणि मग बहर धरतो. डाळिंबवाले मुद्दाम पाणी तोडून जे साधतात, ते इथं हवामानच करून देतं. नव्या बंगल्याचा हौशी मालक तिला बारमाही ठिबक आणि वर शेणखत देतो. वेल तरारते, पण रंगाचा पत्ता नसतो. जाणता वाडीवाला मात्र पोफळींना पाणी नेणाऱ्या पाटापासून तिला लांब ठेवतो आणि रस्त्याकडच्या कोरड्या कडेला लावतो. तिथं राखणही होते आणि फुलायला लागणारी उपासमारही फुकट मिळते.