टपाल खरं, पत्ता संशयित

मोबाईलवरून दोन ओळींचा ईमेल पाठवावा, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असावं, आणि तरी तो समोरच्याच्या स्पॅमच्या पेटीत जाऊन पडावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. नोकरीचा अर्ज असतो, डॉक्टरांना पाठवलेला रिपोर्ट असतो. उत्तर येत नाही, आणि का येत नाही तेही कळत नाही. हा तंत्रज्ञांचा विषय म्हणून आपण सोडून देतो. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना मात्र त्यात न्यायदर्शनातला जुना प्रश्न दिसतो. शब्द हे प्रमाण खरं, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. मग आप्त ओळखायचा कसा?

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवण्याचे नियम आरएफसी ८२१ या दस्तात मांडले. पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं धरायचं, अशी त्यांची रचना. जाळ्यावर तेव्हा विद्यापीठं, संशोधनसंस्था, लष्कर, म्हणजे वाड्यातलीच माणसं. दिंडी दरवाजा उघडाच. खरं तर त्याआधीच, ३ मे १९७८ ला, डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना जाहिरात पाठवली होती. लोक रागावले, पण दाराला कडी काही बसली नाही.

१९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी वगैरे मंडळींनी काळी यादी सुरू केली. नाव खोटं सांगता येतं. ज्या आयपी पत्त्यावरून सर्व्हर बोलतोय तो लपवणं अवघड. म्हणून माणूस सोडून पत्ता धरला. पुढे घरगुती ग्राहकांना तात्पुरते दिले जाणारे पत्ते गटागटानं याद्यांत गेले. कारण स्पॅमवाले असल्याच जोडण्यांवरून थेट दुसऱ्याच्या सर्व्हरवर माल ओतत होते. दारावरच्या पहाऱ्यासाठी हा नियम वाजवीच होता: परक्याच्या दारात थेट येऊ नका, आपल्या पोस्ट ऑफिसातून या.

मग मोबाईल आला. त्याला कायमचा पत्ता नसतो. कंपनी आपल्या साठ्यातला एक देते, आणि पत्ते अपुरे पडत असल्यामुळे एकाच पत्त्यामागे असंख्य फोन असतात. त्यातल्या एकानं उपद्व्याप केला की बोभाटा सगळ्यांचा. आपण पत्र रीतसर आपल्या सर्व्हरकडे दिलं, तरी तो सर्व्हर पत्राच्या माथ्यावर ‘हे अमुक पत्त्यावरून मिळालं’ अशी ओळ लिहितो. काही फिल्टर तीही ओळ वाचतात, यादीशी ताडतात आणि पत्राला दोष लावतात. पोस्टमन ओळखीचा, पाकीट नीट, पण पत्र ज्या वस्तीतून निघालं ती वस्ती बदनाम! दारावरचा नियम माणसाच्या जन्मपत्रिकेला लावण्यातला हा प्रकार. आमच्या मते ही तर्कातली चूक आहे. यंत्राच्या माथी ती मारू नये.

याउलट ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची रीत मांडली. पाया थॉमस बेझ यांचा; त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये रिचर्ड प्राइस यांनी प्रसिद्ध करवला. ग्रॅहमनी चांगल्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण निरपराध अडकू नये, हे आपलं कोर्टातलं वाक्य त्यांनी गणितात बसवलं म्हणा ना. पण फोनवरचं पत्र म्हणजे एक ओळ आणि एक फोटो. बचावाला शब्दच किती!

पत्त्याच्या दुखण्यावर औषध मात्र आधीच निघालं होतं. डिसेंबर १९९८ च्या आरएफसी २४७६ नं पत्र ‘सुपूर्द करणं’ आणि ‘पोचवणं’ वेगळं केलं. सुपूर्द करायला ५८७ हे वेगळं पोर्ट. मार्च १९९९ मध्ये पासवर्डनं ओळख पटवायची रीत ठरली. ओळख पटली की फोन कुठल्या पत्त्यावर आहे हे विचारायचं कारणच उरत नाही. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्यानं आधी पासवर्ड तपासावा, ओळख पटलेल्याला काळ्या यादीतून वगळावं. काही ठिकाणी ती पत्त्याची ओळच पुसून टाकतात, तेही ठीक. २००६ चं एसपीएफ आणि २००७ चं डीकेआयएम यांनी पुढची पायरी गाठली: हे डोमेन या पत्रामागे उभं आहे का, एवढंच बघायचं.

आपल्या हातात काय? फोनच्या सेटिंगमध्ये ‘आउटगोइंग सर्व्हर’ आपल्याच ईमेल सेवेचा आहे ना, पोर्ट ५८७ किंवा ४६५ आहे ना, आणि तिथेही पासवर्ड भरलाय ना, एवढं बघावं. बरेचदा तो फक्त येणाऱ्या टपालालाच भरलेला असतो. विषयाची जागा रिकामी सोडू नये, फोटोबरोबर चार वाक्यं लिहावीत. आणि कुणाचं खरं पत्र आपल्या स्पॅममध्ये सापडलं, तर नुसतं वाचून ठेवू नका, ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबा.