थळ घाटातलं दगडफूल

गोड्या मसाल्याच्या पुडीतलं दगडफूल तुम्ही तळहातावर घेता. वरून राखाडी, खालून काळं, कडेला कुरळं. इगतपुरीत जुलैचा पाऊस कोसळतोय. हात पागोळीखाली धरताच राखाडी हिरवं होत जातं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी; बुरशीचं वरचं आवरण भिजून पारदर्शक झालंय आणि आतलं शैवाल दिसू लागलंय. तुम्ही मान वर करता, तो समोर १८६६.

इगतपुरीपर्यंत रूळ येऊन वर्षच झालंय. थळ घाटात सदतीस फुटांत एक फूट असा चढ. कोळशाचं इंजिन धापा टाकत वर येतं, धूर धुक्यात मिसळतो, आणि तुमचा घसा खवखवतो.

रुळांकडे पाठ करून तुम्ही रानात शिरता. हिरड्याच्या खोडावर तेच दगडफूल, तळव्याएवढं. नावात दगड असला तरी त्याला झाडाची साल जास्त आवडते. वाकून पाहा: रुंद गोलसर पाळ्या, कडेला पापण्यांसारखे विरळ काळे केस, खाली सालीला धरणारे बारीक धागे. ते धागे फक्त धरतात, पीत नाहीत. हिरड्याकडून दगडफूल अन्न घेत नाही. ते शैवाल उन्हावर शिजवतं आणि बुरशीला देतं. एवढं वाढायला त्याला कित्येक पावसाळे लागलेत, कारण वर्षाकाठी ते मोजक्या मिलिमीटरांनीच पसरतं. उन्हाळ्यात ते कुरकुरीत होऊन निपचित पडतं. पहिल्या सरीनंतर मिनिटांत कामाला लागतं.

पाऊस आणि धुकं यांतून जे येईल ते दगडफूल अंगभर पितं. झाडाच्या पानासारखी मिटायला रंध्रं नाहीत, दरवर्षी गाळून टाकायची पानं नाहीत. म्हणून कोळशाच्या धुरातलं गंधक त्याला सोसत नाही. याच वर्षी, १८६६ मध्ये, पॅरिसमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ नायलँडर लिहितोय की लक्झेंबर्ग बागेत दिसणारी दगडफुलं शहरात इतरत्र दिसत नाहीत, आणि त्यावरून हवा जोखता येते. मसाल्याच्या डब्यातल्या या फुलाला हवेची इतकी पारख असावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुम्ही कडेवरून बोट फिरवता. पिठासारखी पूड लागते. तिच्या प्रत्येक कणात बुरशीचे धागे आणि शैवाल दोन्ही आहेत. बुरशीच्या पोरक्या बीजाणूसारखं एकट्यानं जोडीदार शोधत फिरणं नाही. दरीतून पुन्हा शिट्टी येते, धूर वर चढतो. तुम्ही बोट आणखी आतल्या एका जांभळाच्या ओल्या खोडावर, पावसाच्या बाजूला, हलकेच पुसता.